आवाज बंद करून बघ

प्रश्न : मी गृहविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मानव विकास. कॉलेजच्या ग्रंथालयातले बालविकासाचे व्हिडिओ रोज दोन तास बघते. बघताना सगळं समजतं, पण पेपरात चार ओळींपुढे गाडी जात नाही. निरीक्षणवहीवर ‘हे निरीक्षण नव्हे’ असा शेरा येतो. पुढे लहान मुलांसोबतच काम करायचंय. चुकतंय कुठे?

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. काय बघायचं आणि त्याचा अर्थ काय, हे दोन्ही निवेदक सांगून टाकतो. तुला उरतं ते फक्त ‘हो, बरोबर’ म्हणणं.

दोन तास सोड, पाच मिनिटांचा तुकडा घे आणि पहिल्यांदा आवाज बंद ठेव. पानाचे दोन रकाने कर. डावीकडे वेळ आणि दिसलेली कृती; उजवीकडे अर्थ, पण तो तुकडा संपल्यावरच. ‘मूल चिडलं’ हा अर्थ झाला. ‘2 मि. 10 से. : मनोरा तिसऱ्यांदा पडला. ठोकळे दोन्ही हातांनी ढकलले, ओठ मिटले, आईकडे पाहिलं’ हे निरीक्षण. मग आवाज लावून पुन्हा बघ, निवेदकाशी ताडून पाहा. दीडपट वेगाने बघत असशील तर ते आधी बंद कर. मूल थबकतं ते दोन सेकंदच नेमके हातून निसटतात.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांची, मूल आणि आई यांच्यातला बंध जोखणारी ‘अनोळखी परिस्थिती’ची चाचणी उदाहरणादाखल घे. मुलाचं वय साधारण एक ते दीड वर्ष, आठ टप्पे, बहुतेक तीन-तीन मिनिटांचे. आई बाहेर गेल्यावरचं रडणं सगळे टिपतात, पण बंधाचा प्रकार ठरतो मुख्यतः ती परतल्यावर. मूल तिच्याकडे जाऊन शांत होतं आणि पुन्हा खेळायला लागतं, तोंड फिरवतं, की बिलगूनही तिला ढकलतं? पेन खाली ठेवायची नाही ती इथेच. एवढं टिपलंस तरी उत्तर पानभर होतं.

व्हिडिओ संपला की तो बंद करून कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिही. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा, वही न उघडता. अडशील तेवढाच भाग परत बघ.

विकासाच्या टप्प्यांवरच्या व्हिडिओंमध्ये एक गफलत नेहमी होते : ‘बाराव्या महिन्यात चालतं’ असं पाठ केलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांत आधाराशिवाय चालण्याचा पल्ला 8.2 ते 17.6 महिने आहे. वय लिहायचं तर पल्ल्यासकट.

नोकरीचं म्हणशील तर अंगणवाडी पर्यवेक्षिका, बालवाडी, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र (विकासात मागे पडणाऱ्या मुलांवर लवकर उपचार करणारं) या वाटा आहेत. प्रत्येक जाहिरातीतली पात्रता नीट वाच. विशेष शिक्षिका व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते, नुसती पदवी चालत नाही.

महिनाभर असा सराव झाला की विभागाचं पत्र घेऊन जवळच्या अंगणवाडीत जा. तिथे थांबवायचं बटण नसतं, म्हणून सुरुवातीला एकच मूल, दहा मिनिटं. मोबाइल पिशवीत.