लॅपटॉपवरचं लिनक्स मिंट काढून आर्च लिनक्स टाकलं, होम फोल्डर तोच ठेवला. आता आवाज येत नाही, साउंड सेटिंगमध्ये फक्त 'डमी आउटपुट' दिसतंय. काय करू?

आधी आवाजाची पट्टी वरखाली करणं थांबवा. 'डमी आउटपुट' म्हणजे साउंड सर्व्हर चालू आहे, पण आवाज पाठवायला त्याला एकही कार्ड सापडलेलं नाही. दिसतच नसलेल्या कार्डाची सेटिंग बदलून काय उपयोग? माझे दोन दिवस यातच गेले, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतोय.

टर्मिनलमध्ये 'एप्ले' ही कमांड हायफन एल जोडून चालवा. कार्डांची यादी आली नाही, तर दोष खाली कर्नलमध्ये (सिस्टमचा गाभा) किंवा फर्मवेअरमध्ये (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) आहे. बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपांत आवाजाचं काम डीएसपी नावाचा एक वेगळा प्रोसेसर करतो आणि बूट होताना त्याला फर्मवेअर पुरवावं लागतं. त्याचं नाव साउंड ओपन फर्मवेअर, थोडक्यात 'सॉफ'. मिंटमध्ये ते आधीच असतं, त्यामुळे आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आर्चमध्ये मात्र 'सॉफ-फर्मवेअर' हे स्वतंत्र पॅकेज आहे, 'लिनक्स-फर्मवेअर'सोबत येत नाही. माझ्याकडे नेमकं तेच राहिलं होतं. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज' कमांडच्या नोंदींत 'सॉफ' शोधल्यावर फर्मवेअर फाइल सापडत नसल्याची तक्रार दिसली. पॅकमॅनने, म्हणजे आर्चच्या पॅकेज टाकणाऱ्या कमांडने, ते पॅकेज टाकलं, रीबूट केलं आणि स्पीकर वाजू लागले.

यादीत कार्ड आहे, तरी डमीच? मग वायरप्लंबर तपासा. पाइपवायर हा साउंड सर्व्हर फक्त आवाज वाहून नेतो. कार्ड शोधून जोडणी करणं वायरप्लंबरचं काम. पल्सऑडिओ या जुन्या साउंड सर्व्हरसाठी बनलेल्या अ‍ॅप्ससाठी 'पाइपवायर-पल्स'ही हवंच. या सर्व्हिस तुमच्या यूजरखाली चालतात, तेव्हा सर्व्हिस हाताळणाऱ्या 'सिस्टमसीटीएल' कमांडला यूजरचा पर्याय द्या, सुडो (अ‍ॅडमिन अधिकार) लावू नका.

डमी जाऊनही शांतताच असेल, तर टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' हा आवाजाचा मिक्सर उघडा, एफ६ दाबून खरं कार्ड निवडा. पट्टीखाली 'एमएम' म्हणजे म्यूट. एम दाबला की सुटतं.

राहिला जुना होम फोल्डर. मिंट २२ पासून तिथेही पाइपवायरच आहे, त्यामुळे एचडीएमआयसारखी जुनी निवड तशीच पुढे आलेली असू शकते. ती होममधल्या लपलेल्या 'लोकल' फोल्डरात, 'स्टेट'खालच्या 'वायरप्लंबर'मध्ये असते. ते फोल्डर पुसू नका, नाव बदलून ठेवा आणि लॉगआउट करून परत लॉगिन करा.