"स्वस्तच आहे, लावून बघू"

तिनं पिशवी टेबलावर उलटी केली आणि एक झाकण गडगडत माझ्या पायाशी आलं. अकरा नग होते. फेसवॉश, सीरम, जेल, क्रीम, टोनर. बहुतेक पाव किंवा अर्धे वापरलेले, संपलेला एकही नाही.

"ताई, खरं सांगा, मेडिकलमधली ही स्वस्तातली क्रीमं लावून मी चेहरा कायमचा बिघडवतेय का?"

मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, म्हणून तिच्या परवानगीनं आणि तपशील बदलून लिहिते आहे. वय सत्तावीस, नवी नोकरी, घरून काम, दिवसाला चार-पाच व्हिडिओ मीटिंग. बोलणाऱ्याकडे बघायचं सोडून हिची नजर सारखी कोपऱ्यातल्या आपल्याच चौकटीवर. हनुवटीवर पुटकुळ्या होत्या, गालांवर लालसरपणा होता. अगदीच काही नव्हतं असं नाही.

आणि इथे मी चुकले. "अगं, तुझा चेहरा छान आहे, उगाच काळजी करतेस," असं पहिल्याच भेटीत बोलून गेले. तिची आई नेमकं हेच रोज सांगत होती. पुढच्या वेळी ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात तेव्हा बरं वाटलं. ते लिफ्टमधल्या आरशापर्यंत टिकलं." एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतरही हा मोह सुटत नाही, याची मला लाज वाटली. धीर दिला की क्षणभर बरं वाटतं, पण थोड्या वेळानं माणूस पुन्हा तोच प्रश्न घेऊन दारात उभा राहतो.

आधी किमतीचं बोलू. मी त्वचेची डॉक्टर नाही, पण लेबल वाचता येतं. तिच्याकडचं एक भारी क्रीम आणि एक साधं मॉइश्चरायझर शेजारी ठेवून तिला मागची यादी मोठ्यानं वाचायला लावली. ही यादी ज्या घटकाचं प्रमाण जास्त त्यापासून सुरू होते आणि उतरत जाते. एक टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कसेही लिहिता येतात. पहिल्या पाचांपैकी चार नावं दोन्हीकडे तीच निघाली. पाणी, ग्लिसरीन वगैरे. जाहिरातीतला तो खास अर्क पार तळाशी, सुगंधाच्याही खाली.

"म्हणजे मी बरणीचे पैसे दिले?"

"बरणीचे आणि वासाचे."

सुगंध हे तर त्वचेच्या ॲलर्जीचं एक नेहमीचं कारण. ग्लिसरीन मात्र कुठल्याही बरणीत ग्लिसरीनच असतं, आणि त्वचेतला ओलावा अडवून धरण्यात साध्या पेट्रोलियम जेलीला आजही तोड नाही. किंमत कमी म्हणून माल वाईट, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

एका पांढऱ्या ट्यूबपाशी मात्र मी थांबले. ओळखीतल्या कुणीतरी "चेहरा उजळतो" म्हणून दिलेली. तिच्यावर घटकांची यादीच नव्हती. अशा क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा पारा सापडल्याची उदाहरणं कमी नाहीत. स्टेरॉइडनं आधी चेहरा झकास दिसतो, पण बंद केलं की लाली आणि पुरळ उसळून वर येतं. ती ट्यूब हातात देऊन तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी ती ट्यूब बंद केलीच, शिवाय तिच्या सीरमांपैकी तीन सीरमं त्वचेचा वरचा थर सोलणारी आहेत आणि ती तिन्ही एकाच आठवड्यात लावल्यानं गाल भाजल्यासारखे झालेत, असंही सांगितलं. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच ठेवलं. तिन्ही तिच्या पिशवीत आधीपासून होती.

माझं काम त्यानंतर सुरू झालं. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून ती कधी उघडली ते लिहायला सांगितलं. आठवून आठवून तिनं लिहिलं. अकरापैकी नऊ मागच्या सात आठवड्यांत उघडलेल्या. भागाकार तिनंच केला. एकेकीच्या वाट्याला साडेपाच दिवससुद्धा आले नव्हते. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला तरुणपणी साधारण २८ दिवस लागतात, पुढे त्याहून जास्त. म्हणजे तिनं एकाही बाटलीला धड संधीच दिली नव्हती आणि निकाल मात्र नऊ वेळा लावला होता.

महागाची वस्तू घेताना आपण दहादा विचार करतो, घेतली की पैसे वसूल होईपर्यंत वापरतो. स्वस्तात तो लगाम सुटतो. मीटिंगमध्ये कुणी तोडून बोललं की संध्याकाळी नवं सीरम. "घेतलं की रात्री जरा आशा वाटते," हे तिचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. ती विकत घेत होती ती रात्रीपुरती आशा, आणि ती स्वस्तात मिळत होती.

मग ठरलं ते असं. नवं काही आणायचंच, तर एका वेळी एक. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघायचं, मगच चेहरा. त्यानंतर निदान चार आठवडे मत द्यायचं नाही. भिंग असलेला आरसा कपाटात. साधा आरसा हातभर अंतरावरून, सकाळ-संध्याकाळ. मीटिंगमध्ये स्वतःची चौकट लपवायची. यातलं शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं. "मी कशी दिसतेय ते कळणारच नाही!" म्हणाली. तेच तर हवं होतं.

दुसऱ्या आठवड्यात तिनं गुपचूप एक सीरम आणलंच. सांगताना मान खाली. मी रागावले नाही, त्यावरही चिकटपट्टी लावायला सांगितली. उघडल्याच्या तारखेची जागा कोरी राहू दिली.

काही जणींचं प्रकरण इतक्यावर भागत नाही. दिवसाचा तासन् तास आरशात जात असेल, इतरांना जेमतेम दिसणाऱ्या डागापायी घराबाहेर पडणं बंद झालं असेल, तर तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे आपल्या दिसण्यातल्या उणिवेनं मन सतत व्यापून टाकणारा आजार, असू शकतो. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ च्या पुस्तकात तो ओसीडीच्या, म्हणजे तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती थांबवता न येण्याच्या आजाराच्या, गटात घातला आहे आणि त्यावर उपचार आहेत. तिथे मनोविकारतज्ज्ञ लागतात. हिच्या बाबतीत मी ते विचारून, तपासून घेतलं होतं. तसं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यातल्या भेटीत पाऊण तास ती फक्त साहेबांबद्दल बोलली. कामात चूक झाली की ते सगळ्यांसमोर कसे बोलतात, मग हिचा आवाज कसा घशातच अडकतो. चेहऱ्याचा विषय निघालाच नाही, मीही काढला नाही. पर्स उचलताना तिला आठवलं.

"ताई, ते मॉइश्चरायझर संपलं. शेवटी ट्यूब कात्रीनं कापली आणि आतलं बोटानं निपटून लावलं."

"आणि ते सीरम?"

"कुठलं?" म्हणाली, आणि मग हसली.