वेल्श सोडू का, असं विचारलंस म्हणून

अगं,

तुझा तो भला मोठा व्हॉइस मेसेज ऐकला, बसमध्ये एकदा आणि घरी येऊन परत एकदा. लंडनचा तो मॅनेजर म्हणतोय वेल्श भाषेतली गाणी सध्या बाजूला ठेव, आधी पूर्ण इंग्लिश अल्बम आण मग बघू, आणि तू विचारतेस काका काय करू. तर आधीच सांगतो, मी काही गायक-बियक नाही, तुमच्यासारख्यांची बिलं, टॅक्स आणि रॉयल्टीचे कागद बघणारा माणूस आहे, त्यामुळे चाल कशी झालीय ते मला विचारू नकोस, पण पैसे कुठून येतात आणि कुठे अडकतात हे इथे वेल्समध्ये, कार्डिफला राहून बरंच बघितलंय.

मला खटकलं ते तुझं एक वाक्य. "आत्तापर्यंत वेल्शमध्ये प्रॅक्टिस झाली, आता खरं करिअर." हे कुणी डोक्यात भरवलं गं? शाळा वेल्श मीडियमची, मैत्रिणी वेल्श बोलणाऱ्या, पहिली गाणी त्या भाषेत सुचली, आणि आता ती प्रॅक्टिस?

माहितीये, लगेच त्या गायिकेचं, डफीचं नाव घेशील. नेव्हिनची मुलगी, एस फोर सी या वेल्श टीव्ही चॅनलच्या टॅलेंट शोमध्ये दुसरी आली, मग वेल्श ईपी, म्हणजे छोटा अल्बम, काढली, आणि 2008 मध्ये इंग्लिश अल्बम आला तो त्या वर्षी ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपला. खरंय सगळं. पण असं एकीचं होतं आणि मग सगळे तिचंच उदाहरण देत बसतात, ज्यांनी तेच केलं आणि लंडनमध्ये भाडं भरता भरता दमून परत आले त्यांची नावं कोणी घेत नाही.

उलट ग्वेनो सॉन्डर्सचं बघ. ती काही वर्षं इंग्लिश पॉप ग्रुपमध्ये होती, पिपेट्स, चांगलं नाव होतं, आणि त्यानंतर तिने वेल्श अल्बम केला. तो वेल्श अल्बम आधी इथल्या छोट्या लेबलवर निघाला, मग लंडनच्या हेवनली लेबलने परत काढला, 2015 चं वेल्श म्युझिक प्राइझ त्यालाच मिळालं. मग बाईने 2018 मध्ये अख्खा अल्बम कॉर्निशमध्ये केला, म्हणजे कॉर्नवॉलच्या, वेल्शपेक्षाही कितीतरी कमी लोक बोलतात अशा भाषेत, आणि 2022 चा पुढचा, तोही बहुतेक कॉर्निशच, थेट मर्क्युरी प्राइझच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात चांगल्या अल्बमच्या बक्षिसाच्या, शॉर्टलिस्टवर. आणि 2025 मध्ये परत बराचसा इंग्लिश. यात छोटी भाषा खाली आणि मोठी वर असं काही दिसतंय का तुला? मला तरी नाही दिसत.

ग्रिफ रीस आणि त्याचा बँड तर कायमच इकडून तिकडे. सुपर फरी अ‍ॅनिमल्सची इंग्लिश गाणी जोरात चालू असताना 2000 मध्ये त्यांनी पूर्ण वेल्श अल्बम काढला, 'मूंग' (हो, उच्चार डाळीसारखाच, हसू नकोस), तोही स्वतःच्या लेबलवर, आणि तो ब्रिटनच्या चार्टवर 11 नंबरपर्यंत गेला. पण तुझ्या सगळ्यात जवळची मला जॉर्जिया रूथ वाटते, अ‍ॅबरिस्टविथची, हार्प वाजवते. तिच्या पहिल्याच अल्बममध्ये वेल्श आणि इंग्लिश गाणी शेजारी शेजारी आहेत, कुठेही माफी मागितल्यासारखं नाही, आणि 2013 चं वेल्श म्युझिक प्राइझ तिला त्याच अल्बमसाठी मिळालं. तिचं स्टारडम डफीसारखं नाही, पण ती गातेय, अल्बम काढतेय, बीबीसीच्या वेल्श रेडिओवर, रेडिओ कम्रीवर, कार्यक्रमही केलेत. करिअर म्हणजे बहुतेकांचं असंच असतं, आणि मला विचारशील तर हेच चांगलं.

आता हिशोबाचं. 2021 च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे साधारण 5 लाख 38 हजार, म्हणजे 17.8 टक्के. मार्केट म्हणून काहीच नाही. पण इतक्या छोट्या गर्दीला स्वतःचं रेडिओ स्टेशन आहे, स्वतःचं टीव्ही चॅनल आहे, दर ऑगस्टमध्ये आयस्तेदवॉद हा वेल्श भाषेचा उत्सव आहे, आणि या सगळ्यांना नवीन गाणी सतत लागतात. तुझं इंग्लिश गाणं रोज येणाऱ्या ढिगाऱ्यात पडतं, वेल्श गाणं मात्र कोणीतरी ऐकतंच, बरं असेल तर त्याच आठवड्यात वाजतं पण. तोटा पण ऐक. दोन वर्षांत तुला त्याच हॉलमध्ये तीच तोंडं दिसायला लागतील, आणि सगळे एकमेकांना ओळखत असल्यामुळे गाणं पडलं तरी तोंडावर कोणी सांगणार नाही, सगळे छान छान म्हणतील. त्यासाठी तरी इंग्लिश गिग्ज कर, ब्रिस्टलला जा, मँचेस्टरला जा, तिथे तुला कोणी ओळखत नाही, आवडलं नाही तर सरळ बारकडे वळतात.

आणि रेडिओवर वाजलं म्हणजे पोट भरतं असंही नाही हं. 2007 च्या सुमारास पीआरएसने, म्हणजे गाणी लिहिणाऱ्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेने, हिशोबाची पद्धत बदलली आणि रेडिओ कम्रीवर वाजणाऱ्या गाण्याचे पैसे धाडकन पडले. म्हणून इथल्या लोकांनी ईओस नावाची स्वतःची तशीच संस्था काढली, आणि 2013 च्या जानेवारीत बीबीसीशी जमेना तेव्हा 30 हजारांहून जास्त वेल्श गाणी रेडिओवरून गायब झाली, स्टेशनला कार्यक्रमाचे तास कमी करावे लागले. शेवटी कॉपीराइट ट्रायब्युनलने वर्षाला 1 लाख पौंड ठरवले, जे मागितले होते त्याच्या आसपाससुद्धा नाही. जुने लोक अजून चिडून बोलतात त्यावर. तुझ्यापुरतं एवढंच की प्रत्येक गाणं रिलीजच्या आधी रजिस्टर झालं पाहिजे, लिहिणारी म्हणून पीआरएसकडे, रेकॉर्डिंगची रॉयल्टी गोळा करणाऱ्या पीपीएलकडे, आणि वेल्श गाण्यांचे प्रसारणाचे हक्क ईओसला द्यायचे का ते नीट विचारून ठरव. तुझा तो ड्रमर मित्र कोरस मी लिहिला म्हणतोय ना, त्याचा किती टक्के हे आत्ता कागदावर घे, मैत्री आहे तोवर.

आयस्तेदवॉदला वेल्शचाच नियम आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. 2023 मध्ये त्या रॅपरचं, सेज टॉड्झचं काय झालं आठवतंय ना, गाण्यात इंग्लिश जास्त म्हणून त्याला गाता आलं नाही, केवढा गदारोळ झाला. नियम बरोबर की चूक यावर माझं मत हवंय तर, उत्सवाच्या मैदानावर बरोबर, तुझ्या वहीत चूक. म्हणजे तुझ्याकडे फक्त वेल्श गाण्यांचा अर्धा तास कायम तयार हवा, पण म्हणून मिक्स गाणं लिहायचंच नाही असं नको. आणि तेच गाणं दोन्ही भाषांत करून दोन्हीकडे विकायचा जो तुझा प्लॅन आहे ना, तो मला नाही आवडला, दुसरं नेहमी पाणचट होतं.

इथल्या क्लूब ईवोर बाख क्लबला तुझं गाणं ऐकलं तेव्हाचं एक राहिलंच होतं सांगायचं. प्रत्येक वेल्श गाण्याआधी तू इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ सांगत होतीस, नदी म्हणजे काय, आजोबा म्हणजे कोण, तोपर्यंत मागे लोक गप्पा मारायला लागले. नको सांगूस गं. मला वेल्श जेमतेम कळतं, तरी तिसरं गाणं, जे तू न बोलता थेट सुरू केलंस, तेव्हाच सगळा हॉल गप्प झाला होता.

मराठीतही एखादं कर, आजीला बरं वाटेल, पण ते या गणितात धरू नको.

त्या मॅनेजरला नाही म्हण असं मी म्हणत नाहीये. 20 टक्के मागतोय ते नेहमीचंच आहे. फक्त करारात वेल्श गाणी, रेडिओ कम्री आणि एस फोर सी चं काम वगळून घे, कारण ते त्याने आणलेलं नाही आणि आणणारही नाही. याला तो तयार असेल तर इंग्लिश अल्बम कर त्याच्याबरोबर, मजेत कर. वेल्श ईपी मात्र मार्चमध्येच येऊ दे, त्याच्यासाठी थांबवू नको. म्युझिशियन्स युनियनची मेंबर हो, ते मेंबरांचे करार तपासून देतात, आणि त्याच्या आधी मला पीडीएफ पाठव, स्क्रीनशॉट नको, मागच्या वेळी अर्धी ओळ कापली गेली होती. रविवारी दुपारनंतर घरी आहे, लॅपटॉप घेऊन ये, पीआरएसचे फॉर्म एकत्रच भरून टाकू.

तुझा,
काका