निवाडा ‘कायम’ कधी म्हणायचा?

इंदूरच्या एका वाचकांची विचारणा अशी: सियागंजातल्या दुकानाच्या भागीदारीवरून दोघा चुलत भावांचं बिनसलं, लवाद (वाद सोडवणारा पंच) नेमला, निवाडा हाती आला. वकीलसाहेब हिंदीत ‘पंचाट की पुष्टि’ म्हणतात (पंचाट म्हणजे लवादाचा निवाडा). मराठीत ‘पुष्टी’ चालेल, की ‘कायम करणे’? शिवाय बेरजेत चूक आहे. ती काढणं म्हणजे ‘दुरुस्ती’ की ‘फेरफार’?

‘पुष्टी’ नको. मराठीत पुष्टी बातमीला मिळते, निवाडा कायम होतो. पण तोही सरसकट नाही. १९४० च्या लवाद कायद्यात निवाडा कोर्टात दाखल करावा लागे, कोर्ट त्याबरहुकूम हुकूमनामा (डिक्री) काढी, तेव्हा कुठे दरखास्त, म्हणजे बजावणीचा अर्ज, लावता येई. १९९६ च्या लवाद कायद्याने ती पायरीच काढून टाकली. आता आव्हानाची मुदत, म्हणजे निवाडा मिळाल्यापासून तीन महिने आणि सबळ कारण दाखवलं तर वर तीस दिवस, उलटली की निवाड्याची बजावणी हुकूमनाम्यासारखीच होते. तेव्हा कोणी या कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान दिलं आणि ते फेटाळलं, तरच ‘कोर्टाने निवाडा कायम केला’ लिहा. कोणी कोर्टाची पायरीच चढलं नसेल, तर कायम करणारं कोर्ट आणायचं कुठून?

आता दुरुस्ती. समजा मुद्दल ४,५०,००० आणि व्याज ५४,०००. बेरीज हवी ५,०४,०००, छापली ५,४०,०००. ही हातचूक. कलम ३३ प्रमाणे निवाडा मिळाल्यापासून तीस दिवसांत अर्ज केला, तर लवाद स्वतःच ती सुधारतो. ही झाली दुरुस्ती. व्याजाचा दरच जास्त लावला अशी तक्रार असेल, तर मागणी फेरफाराची आहे, तिला दुरुस्तीचं गोंडस नाव देऊ नये. वकिलांच्या अर्जांत ही सरमिसळ सर्रास दिसते, आणि ती नेहमीच अनवधानाने होते असं मला वाटत नाही.

कोर्टाला फेरफार करता येतो का, यावर बराच काथ्याकूट झाला. २०२१ मध्ये हायवेच्या भूसंपादनाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साफ नाही म्हटलं: निवाडा रद्द करा नाहीतर राहू द्या. मग ३० एप्रिल २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, चार विरुद्ध एक मताने, दार थोडं किलकिलं केलं. सदोष भाग वेगळा काढता येत असेल, लेखनाची वा आकडेमोडीची उघड चूक असेल, किंवा निवाड्यानंतरच्या व्याजाचा प्रश्न असेल, तर कोर्ट हात घालू शकतं. वादाचा गुणदोष मात्र पुन्हा तपासायचा नाही.

(मध्य प्रदेशात सरकारी बांधकामाच्या ठेक्यांचे वाद १९८३ च्या राज्य कायद्याखालच्या अधिकरणाकडे जातात, तिथे हा हिशेब लावू नका.)

तुम्ही अर्जात एवढंच लिहा: ‘निवाड्यातील बेरजेची चूक दुरुस्त करून मिळावी.’ तो जाईल लवादाकडे, कोर्टाकडे नाही. तीस दिवस मोजून घ्या.