७२०, १०८० की ४के? डाउनलोडविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फोनवरच बघायचं आहे. ४८०पी घेऊ की ७२०पी?

७२०पी.

प्रश्न : माझा टीव्ही १०८०पी आहे. ४के फाइल घेतली तर चित्र जास्त चांगलं दिसेल ना?

फरक इतका थोडा की चौपट पिक्सेलांची फाइल त्यासाठी घेऊ नका. शिवाय जुन्या टीव्हीचा प्लेयर ४के फाइल बहुधा उघडतच नाही.

प्रश्न : एका तासाचा तोच व्हिडिओ दोन ठिकाणी १०८०पी म्हणून मिळतो. एक ७०० एमबी, दुसरा सव्वादोन जीबी. मित्र म्हणतो, दोन्हींत १०८० लिहिलंय म्हणजे दर्जा सारखाच. लहान फाइल घेऊ का?

हा प्रश्न सारखा येतो आणि उत्तर दरवेळी ऐकीव असतं, म्हणून सविस्तर सांगतो. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २०.७ लाख ठिपके. हा आकडा फक्त चौकटीचा. त्या चौकटीत दर सेकंदाला किती माहिती भरली, ते सांगतो बिटरेट, आणि चित्र स्वच्छ दिसणार की नाही हे बरंचसं त्यावरच ठरतं.

हिशेब घरीच करता येतो. फाइलचे एमबी गुणिले ८, भागिले एकूण सेकंद. तुमची लहान फाइल : ७०० × ८ ÷ ३६००, म्हणजे जेमतेम १.५६ एमबीपीएस (मेगाबिट दर सेकंदाला). मोठी ५ एमबीपीएस. कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत. नेहमीच्या एच.२६४ कोडेकमध्ये दीड एमबीपीएसवर १०८०पी तग धरत नाही. दोन माणसं बसून बोलत असतील तोवर ठीक दिसेल, कारण पाठोपाठच्या फ्रेम्स जवळपास सारख्या असतात आणि कोडेकला फक्त बदल साठवावा लागतो. पाऊस, गर्दी, धूर, वाहतं पाणी आलं की सगळीच चौकट बदलते, बिट अपुरे पडतात आणि चौकोनी ठोकळे उठतात. अंधाऱ्या दृश्यात पट्टे दिसतात. ७२०पीमध्ये ठिपके सव्वादोनपटीने कमी, त्यामुळे याच ७०० एमबीत केलेला ७२०पी अनेकदा जास्त नीट दिसतो.

अपवाद कोडेकचा. एच.२६५ किंवा एव्ही१ हा नवा कोडेक असेल तर तोच दर्जा एच.२६४च्या जवळपास निम्म्या बिटरेटमध्ये मिळू शकतो. तेव्हा नावात काय लिहिलंय यावर जाऊ नका. फाइल मीडियाइन्फो या तपशील दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि कोडेक, बिटरेट, रुंदी-उंची तिन्ही बघा. तरी शंका राहिली तर दोन्हींतला धावपळीचा एकच मिनिट स्वतःच्या स्क्रीनवर लावून बघा.

प्रश्न : जुना ४८०पी व्हिडिओ "खऱ्या ४के"मध्ये करून देणारी सशुल्क सेवा घ्यावी का?

नाही. जी माहिती चित्रीकरणात नव्हती ती कोणी परत आणू शकत नाही. सॉफ्टवेअर कडा धारदार करतं आणि तपशील अंदाजाने रंगवतं, चेहऱ्यावर तर हमखास चुकीचा. "खरं" हा शब्द इथे शुद्ध फसवणूक आहे. अशा जागी "आधी हा कोडेक पॅक बसवा" असं आलं तर तिथेच थांबा. व्हिडिओच्या नावाचा शेवट .ईएक्सई असा असेल तर तो व्हिडिओ नव्हे, संगणकावर चालणारा प्रोग्राम आहे. अशी फाइल उघडून झाली असेल तर संगणक आजच जाणकाराला दाखवा.

प्रश्न : ५ जीबीची फाइल पेनड्राइव्हवर जात नाही, जागा तर आहे. दुसरी गेली, पण टीव्हीवर आवाज येतो आणि चित्र नाही.

दोन वेगळे दोष. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आतलं सगळं पुसलं जाईल, म्हणून आधी प्रत काढा, आणि टीव्ही एक्सफॅट वाचतो का ते माहितीपुस्तिकेत बघा. काळं चित्र बहुधा कोडेकमुळे : टीव्हीला एच.२६५ झेपत नसेल. एच.२६४ आणि एएसी आवाज असलेली एमपी४ फाइल घ्या. तीही चालली नाही तर मॉडेल क्रमांक देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा.

प्रश्न : फोनची स्क्रीन १०८०पी, तरी स्ट्रीमिंग ॲप ४८०पीच डाउनलोड देतं. फोन रूट करून, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा घेऊन, हे सुटेल, असं ऐकलं.

उलट बिघडेल. वाइडवाइन ही व्हिडिओची नक्कल रोखणारी व्यवस्था. फोनचा वाइडवाइन स्तर एल३, म्हणजे सर्वांत खालचा, असेल तर अनेक ॲप्स एचडी देतच नाहीत. रूट करताना बहुधा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, उघडावा लागतो, आणि काही फोनांत त्यानंतर असलेला वरचा एल१ स्तरसुद्धा एल३ होतो. आधी स्तर तपासा, मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी बोला.

प्रश्न : चित्रीकरण करणाऱ्याने कार्यक्रमाची ४के लिंक दिली आहे. मुदत थोडी उरली. सध्या ७२०पी प्रत ठेवतो, मूळ पुढे घेईन.

पुढे नको, आज. ७२०पीवरून ४के परत मिळत नाही आणि मुदत संपलेली लिंक बहुधा उघडत नाही. मूळ फाइल दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा, दोन्ही शेवटपर्यंत चालवून बघा, आणि मध्येच अडकली तर लिंक जिवंत असतानाच चित्रीकरण करणाऱ्याला कळवा. फोनसाठीची लहान प्रत त्यानंतर करा.