मूकबधिर, कर्णबधिर आणि ‘बोलतं करणं’

प्रश्न असा आहे: ठाण्यात घंटाळीला काही मित्र मिळून ‘मँडी’ हा 1952चा ब्रिटिश चित्रपट दाखवणार आहेत. पत्रकात त्यांनी ‘मूकबधिर मुलीला बोलतं करणारी शाळा’ असं लिहिलं. एकाने ‘कर्णबधिर’ सुचवलं. दुसरा म्हणाला, बधिर म्हणजेच बहिरा, मग पुन्हा कर्ण कशाला?

कर्णबधिरच लिहा. दुसऱ्या मित्राचा आक्षेप संस्कृतात टिकेल, मराठीत नाही. ‘बधिर’ प्राकृतातून घासत येऊन ‘बहिरा’ झाला आणि ऐकू न येण्याचं काम त्याच्याकडे गेलं. मूळ ‘बधिर’ मराठीत कान सोडून अंगभर हिंडू लागला. मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, दाढ काढण्याआधी हिरडी बधिर करतात, बातमी ऐकून डोकं बधिर होतं. तेव्हा काय बधिर, ते सांगावंच लागतं.

‘मूक’ मात्र काढा. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाचा गळा, जीभ, ओठ सहसा ठणठणीत असतात. कानावर पडलं नाही म्हणून तोंडात आलं नाही, एवढंच. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातही श्रवणदोष वेगळा आणि वाचा-भाषेचा दोष वेगळा धरलाय. शिवाय ‘मुका’ म्हटलं की मागोमाग ‘मुकी बिचारी कुणी हाका’ येतंच. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा कानाला मशीन लावतो. त्याला कुणी मुका म्हटलं की आजी उसळते, “मुका कसला! दिवसभर डोकं खातो माझं.”

आता ‘बोलतं करणं’. मला हा शब्द जास्त खटकला. मुलाखतकार पाहुण्याला बोलतं करतो, पोलीस संशयिताला. म्हणजे बोलणं आत तयार आहे, फक्त बाहेर काढायचंय. बहिऱ्या मुलाचं तसं नसतं. तिथे एकेक अक्षर घडवावं लागतं. त्या शेजारच्या मुलाबरोबर मी एकदा स्पीच थेरपीला बसले होते. विषय होता पाळ, बाळ, माळ. आरशात बघा, तिन्हींना ओठ अगदी सारखे मिटतात. नुसत्या ओठांवरून कळणार कसं? (‘ओठवाचन’ हा शब्द त्यामुळे जरा आशावादीच आहे.) बाईंनी तोंडासमोर कागदाचा कपटा धरला: ‘प’ला तो फडफडला. ‘ब’ला त्याची बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली, थरथर कळावी म्हणून. ‘म’ला नाकावर. अर्धा तास ‘बाळ’चं ‘पाळ’ होत होतं. मधेच त्याने कंटाळून स्वतःच्या कानाची पाळ ओढून दाखवली, तेव्हा बाईही हसल्या. याला ‘बोलतं करणं’ म्हटलं तर बाईंची आणि त्या पोराची सगळी मेहनत शब्दातून गळून जाते.

म्हणून सरळ लिहा: ‘कर्णबधिर मुलीला बोलायला शिकवणारी शाळा’. पत्रकात खुणांच्या भाषेचा उल्लेख येणार असेल तर ‘हातवारे’ लिहू नका. हातवारे भांडणातही होतात, त्यांना व्याकरण नसतं.

आणि शेवटाबद्दल लिहायचा मोह झालाच, तर ‘तिला वाचा फुटते’ नको. वाचा फुटते ती चमत्काराने. मँडी स्वतःचं नाव सांगते, बस. खरं तर तेही पत्रकात छापू नका, लोकांना बघू द्या.