व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) वेबमिन (सर्व्हर ब्राउझरमधून सांभाळायचं पॅनेल) टाकलं, ब्राउझर 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' म्हणतो. तसंच पुढे जाऊ का?

जाता येईल, पण आधी दोन मिनिटांचं एक काम करा.

हा इशारा का येतो ते आधी सांगतो. वेबमिन इन्स्टॉल होताना स्वतःचं सर्टिफिकेट (सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र) स्वतःच बनवतं आणि त्यावर सहीपण स्वतःच करतं, मग ब्राउझरला ती सही ओळखीची नसते म्हणून तो अडवतो. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) त्याच्या ८००६ पोर्टवर उघडलं तरी हेच होतं, म्हणजे तुमचं इन्स्टॉलेशन काही चुकलेलं नाहीये. एन्क्रिप्शन चालूच असतं, फक्त समोरचा सर्व्हर तुमचाच आहे की मध्ये दुसरंच कोणी बसलंय हे ब्राउझरला सांगता येत नाही. आणि त्याच पानावर तुम्ही रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य अॅडमिनचा, पासवर्ड टाकणार आहात, म्हणून एवढं लिहितोय.

तर एसएसएचने (सुरक्षित रिमोट लॉगिनने) सर्व्हरवर जा, ईटीसीमधल्या वेबमिन फोल्डरमध्ये मिनीसर्व्ह डॉट पेम नावाची फाइल असते, ओपनएसएसएल कमांडने तिच्यातल्या सर्टिफिकेटचा शा-२५६ फिंगरप्रिंट (सर्टिफिकेटची ओळख पटवणारा लांबलचक कोड) काढा. मग ब्राउझरच्या इशाऱ्यातून सर्टिफिकेट उघडून तिथला शा-२५६ फिंगरप्रिंट त्याच्याशी ताडून बघा. अक्षर न् अक्षर जुळलं तर बिनधास्त अॅडव्हान्स्ड दाबून पुढे जा.

मी पण पूर्वी न बघता दाबायचो. फायरफॉक्समध्ये एकदा एक्सेप्शन दिलं, म्हणजे 'हे सर्टिफिकेट चालेल' असं सांगितलं, की तो ते लक्षात ठेवतो, त्यामुळे रोज काही विचारायचा नाही. एकदा बाहेरगावी हॉटेलच्या वायफायवर असताना त्याच सर्व्हरला अचानक परत इशारा आला, बोट बटणावर गेलंच होतं, पण सर्व्हरवर तर मी काहीच बदललं नव्हतं! टॅब बंद केला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उघडलं तर सरळ लॉगिनचं पान. म्हणजे हॉटेलच्या नेटवर मधलं काहीतरी वेगळंच सर्टिफिकेट पुढे करत होतं. त्या दिवशी पासवर्ड टाकला असता तर काय झालं असतं, नको तो विचार.

म्हणून ही एक्सेप्शनची सवय लागूच देऊ नका. डोमेन असेल तर एक सबडोमेन सर्व्हरच्या आयपीकडे वळवा, ८० नंबरचा पोर्ट बाहेरून उघडा ठेवा, आणि वेबमिन कॉन्फिगरेशनमध्ये एसएसएल एन्क्रिप्शनच्या पानावर लेट्स एन्क्रिप्टचा (ब्राउझर जिची सही ओळखतात अशी संस्था) टॅब आहे तिथून फुकट सर्टिफिकेट घ्या. त्याची मुदत ९० दिवसांची असते, म्हणून तिथेच आपोआप रिन्यू व्हायला २ महिने टाकून ठेवा. नंतर पान नावानेच उघडायचं बरं का, आयपी टाकलात तर इशारा परत येणार कारण सर्टिफिकेट नावावर आहे.

डोमेन नसेल तर फायरवॉलमध्ये वेबमिनचा १०००० पोर्ट बाहेरच्यांसाठी बंद करा आणि एसएसएच टनेलमधून (एसएसएचच्या जोडणीतून वळवलेल्या वाटेने) आपल्याच मशीनच्या लोकलहोस्ट पत्त्यावर उघडा. इशारा तेव्हाही दिसेल, पण सगळं एसएसएचच्या आतूनच जातं, त्यामुळे वाटेत बसलेल्याला काही करता येत नाही. फक्त एसएसएचनेच कधी होस्ट की (सर्व्हरची एसएसएचमधली ओळख) बदलली म्हणून ओरड केली तर मात्र थांबा आणि आधी ती का बदलली ते शोधा.